43 वजा 18 : बाईंना पत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

निरोपसमारंभात तुमच्याबद्दल बोलायला उभी राहिले आणि घसा दाटून आला. तेव्हा राहिलेलं आज लिहिते आहे.

आमची द्विशिक्षकी शाळा. दुसरे सर त्यांच्या वर्गांत गुंतलेले, त्यामुळे माझं शिकवणं कुणी पाहतच नव्हतं. आसपासच्या शाळांचं मिळून आपलं केंद्र; त्यातल्या शिक्षकांची महिन्याची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, व्हायची, पण परिपत्रकं वाचण्यातच वेळ जायचा. निपुण भारत या सरकारी अभियानाचं उद्दिष्ट आम्हाला पाठ होतं : 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता यावं, आकडेमोड यावी. ती कशी यावी, हा विषय निघत नसे. तो तुम्ही काढलात. म्हणालात, “पुढच्या वेळी चुकलेल्या वह्या घेऊन या.”

मी आणलेल्या वहीत 43 वजा 18 बरोबर 35 होतं. त्यावर माझी लाल फुली आणि ‘लक्ष दे’ हा शेरा. तुम्ही एवढंच विचारलंत, “त्यानं काय विचार केला असेल?” तिनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यानं आठातून तीन काढले होते. लक्ष देऊनच काढले होते! मी त्या पोराच्या आठवणीनं ओशाळले. मग सगळ्यांनी वह्या उघडल्या, तर सहा शाळांत तीच चूक.

आपण मिळून पाठ आखला. जपानमध्ये शिक्षक असंच करतात, त्याला जुग्यो केंक्यू म्हणतात, हे तुमच्याकडूनच कळलं. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी मुलांकडे बघायचं. तुराट्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून मी उभी राहिले, पाय लटपटत होते. तुम्ही मात्र मागे बसून एका मुलीचे हात बघत होतात. तिनं गठ्ठा सोडला, तेरा काड्यांतून आठ काढल्या, पाच उरल्या. वहीत दशकाच्या घरात चार तसेच राहिले. उत्तर पुन्हा 35. आकडा तोच, चूक निराळी! फळ्यापाशी उभं राहून मला हे जन्मात दिसलं नसतं. पुढच्या महिन्यात शेजारच्या शाळेत तोच पाठ बदलून झाला : गठ्ठा सुटला की आधी चार खोडून तीन लिहायचे, मगच काड्या काढायच्या.

बाई, मनापासून आभार. आता लाल पेन उचलण्याआधी मी मुलाला शेजारी बसवून विचारते, “कसं केलंस, सांग.”

सध्या भागाकाराच्या वह्या जमवतोय. 612 भागिले 6 बरोबर 12 लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. शनिवारी परिषद आहे, जमलं तर नक्की या.

तुमची,
केंद्रातली एक शिक्षिका