बाबा, मूळव्याधीची सबब चालणार नाही

प्रिय आई, बाबा,

फोनवर मी अपेंडिक्स काढलं म्हणाले, ते खोटं होतं. रागवा, पण आधी पूर्ण वाचा. आई, तूच मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा देवघरात राहिला असेल.

मोठ्या आतड्यात उजवीकडे गाठ होती, कर्करोगाची. हिमोग्लोबिन 8 वर आलं होतं आणि तू म्हणत होतीस की मी धड जेवत नाही. तेवढा भाग काढला, टाकेही निघाले. आता मऊ भात, तूप, मेतकूट खाते. खालच्या काकू डबा देतात, रात्री नंदा सोबतीला असते. झोप लागते. खरंच लागते.

मामा म्हणेल, चौतिशीत झाला म्हणजे जोराचाच असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण डॉक्टरांनी वयापेक्षा गाठीचा स्वभाव पाहिला. पेशी डीएनएची नक्कल करताना चुकतात आणि त्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. माझ्या गाठीत त्यातली एमएसएच2 आणि एमएसएच6 नव्हतीच. ऐकायला भयंकर आहे, पण चुकांनी भरलेल्या अशा पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना लवकर ओळखू येतात. गाठ दुसऱ्या टप्प्यातली, काढलेल्या 19 लसिकाग्रंथी स्वच्छ. अशा वेळी ती परत येण्याची शक्यता कमी असते आणि नुसत्या 5-एफयू या औषधाच्या नेहमीच्या केमोचा फायदा दिसलेला नाही. म्हणून केमो घ्यायची नाही, हे ठरलंय. दोन डॉक्टरांना विचारलं, पैशांचा प्रश्न नाही. आणि पुढे गरज पडलीच तर इम्युनोथेरपी आहे, म्हणजे त्या पहारेकऱ्यांनाच गाठीवर सोडणारी औषधं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात याच दोषाचा गुदाशयाचा कर्करोग असलेल्या पहिल्या 12 जणांच्या गाठी नुसत्या डोस्टारलिमॅब या तसल्याच औषधाने दिसेनाशा झाल्याचं 2022 मध्ये छापून आलं. कुणालाच शस्त्रक्रिया लागली नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. हा दोष माझ्या रक्तातही निघाला. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, म्हणजे तो जन्मापासूनचा, घराण्यातून येणारा, आणि त्याने आतड्याच्या नि गर्भपिशवीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजोबांची ती ‘आव’ आणि आत्याची काढलेली गर्भपिशवी आठवली ना? बाबा, हे तुमच्याकडून आलं असेल, पण तुम्ही दिलं नाहीत. माझे कान तुमच्यासारखे आहेत, त्याबद्दल कधी माफी मागितलीत का? गोवर आला तेव्हा रात्रभर मला खांद्यावर घेऊन ओटीवर फिरलात. मला तेच आठवतंय.

तेव्हा दसऱ्याआधी दोघंही पुण्याला या. बाबांचं रक्त तपासायचं, दादाचंही, कारण मुलांत येण्याची शक्यता निम्मी असते. दोष निघो न निघो, बाबांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायचीच. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध तेवढं त्रासाचं, बाकी गुंगीत काही कळत नाही. ‘मूळव्याधच आहे’ म्हणत बसू नका. बीपीच्या गोळ्या बरोबर घ्या. एसटीने येऊ नका, मी गाडी पाठवते. आई, गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस.

आणि मेतकूट संपत आलंय.

तुमची,
छकू