पेस्टिंगचे हातमोजे उक्त्यात धरा

मा. संपादक,

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी, गिरणारे परिसरात कामाला उतरतात. सामाजिक संस्था तेव्हा मास्क-हातमोजे वाटतात, फोटो निघतात. हेतू चांगला, पण छाटणीनंतरचे पेस्टिंग, म्हणजे काडीला औषध लावण्याचे सर्वांत जोखमीचे काम, त्यातून निसटते.

वेलीचे डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काडीच्या शेवटच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे औषध लावतात. हात वर धरून काम करताना द्रावण मनगटावरून कोपराकडे ओघळते. वाटपातले पातळ मोजे काडीच्या कापलेल्या टोकाला लागून फाटतात. सुती मोजे द्रावण शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात. त्यापेक्षा उघडा हात निदान धुता तरी येतो. कोपरापर्यंतचे जाड नायट्राइलचे मोजे हवेत, कड बाहेरच्या बाजूला दुमडून, म्हणजे ओघळ दुमडीत अडतो. मूळ ५० टक्क्यांचे औषध पाण्यात मिसळणाऱ्याला गॉगलही लागतो.

त्याहून अवघड गोष्ट दारूची. सायनामाइड अंगात गेले असेल तर अल्कोहोलचे पचन मध्येच अडते: चेहरा लालबुंद, धडधड, दम, उलट्या. थोडी दारूही पुरते. ‘जास्त झाली असेल’ म्हणून विषय मिटतो आणि डब्यावरचे नाव दवाखान्यापर्यंत पोचत नाही. यावर नेमका उतारा नाही, आणि नाव कळले नाही तर डॉक्टर ही लक्षणे साध्या फवारणीच्या विषबाधेची समजू शकतात. मुकादमाच्या मोबाइलमध्ये लेबलचा फोटो असलाच पाहिजे.

बरेचसे काम एकरावर, उक्ते. हात धुण्यात गेलेला वेळ मजुराच्या खिशातून जातो. मग कोण धुणार? म्हणून संस्थांनी वाटपापेक्षा मुकादम आणि बागायतदार दर ठरवतात तिथे बसावे. मोजे मालकाचे, साबण-पाणी बांधावर, जेवणाआधी धुण्याचा वेळ दरातच धरलेला, अंगावर पाजणाऱ्या बायकांना पेस्टिंगऐवजी दुसरे काम: एवढे बोलून घेतले तरी पुष्कळ. बागायतदार कुरकुरतील, पण एकराच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ आहे.

निर्यातीच्या मण्यांवरचे औषधाचे अंश आपण प्रयोगशाळेत तपासून घेतो. बागेचे ऑडिट मात्र सहसा काढणीच्या सुमारास होते, तोवर पेस्टिंगची टोळी केव्हाच पांगलेली असते. संस्थांनी पाहणी करायचीच तर पेस्टिंग चालू असताना, सकाळीच बागेत यावे आणि आधी मोजे उलटे करून आतून ओले आहेत का ते बघावे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
दिंडोरी, जि. नाशिक