चोर्ल्याचं धुकं आणि इथला काळा बर्फ

मॉन्ट्रियल, जानेवारी

चि. बाळूस,
अक्काचा आशीर्वाद. आई-आबांना नमस्कार सांग.

तू आता पहाटे तीनला भाजीचा टेम्पो घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जातोस, हे परवा फोनवर आई सहज बोलून गेली. मग "तुझं काय चाललंय?" म्हणाली. मी नेहमीसारखं "बर्फ पडलाय, बाकी बरंय" म्हणून मोकळी झाले. खरं ते तुला लिहिते. आईला वाचून दाखवताना पुढचा परिच्छेद गाळ.

गेल्या मंगळवारी कामावर जाताना पुलावर माझी गाडी फिरली. हे शहर म्हणजे बेटच, पूल किंवा बोगद्याशिवाय गाडीने बाहेर पडता येत नाही. त्या दिवशी छान ऊन होतं, रस्ता नुसता ओला वाटत होता. पण तो पातळ, आरपार दिसणारा बर्फ होता. खालचं डांबर दिसतं म्हणून त्याला इथे काळा बर्फ म्हणतात. पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, वरखाली नुसता गार वारा, त्यामुळे बाकी रस्त्याच्या आधी पूल गोठतो. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला. पायाखाली कडकड आवाज, आणि गाडीचा मागचा भाग निघाला डावीकडे. शिकवणाऱ्या बाईंनी एकच घोकून घेतलं होतं: घसरायला लागली की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचल, जिकडे जायचंय तिकडेच बघ आणि स्टिअरिंग हलक्या हाताने तिकडेच वळव. नजर कठड्यावर गेली की हातही तिकडेच जातात. कठडा हातभर राहिला बघ. यात माझं कौशल्य काही नाही, पुढच्या गाडीपासून लांब होते म्हणून वाचले.

इथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे. साधारण ७ अंशांच्या खाली साधं रबर कडक होऊन पकड सोडतं. वर्षातून दोनदा चारही टायर बदलायचे, म्हणजे दोनदा खिसा रिकामा! आबा ऐकून हसतील, त्यांचा टायर तार दिसेपर्यंत चालायचा. माझ्या डिकीत फावडं, घोंगडी आणि आईचा चिवडा कायम असतो. बर्फात अडकलं तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, आणि हीटरसाठी इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बर्फाने बुजलं तर विषारी वायू आत येतो आणि माणूस झोपेतच जातो.

तुझ्याकडे बर्फ नाही, पण जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे गेलास की धुकं असतंय की. तिथे हाय बीम मारू नकोस, उजेड धुक्यावर आपटून उलट तुझ्याच डोळ्यांत येतो. लो बीमवर चल. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावायची फॅशन आलीय, तीही नको; तू वळणार आहेस का थांबणार, मागच्याला काय कळणार? घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल मारू नकोस. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरतं, ब्रेक तापत नाहीत.

मला जास्त भीती वाटते ती उसाच्या ट्रॉल्यांची. गळीत हंगाम चालू आहे, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पंक्चर झाली की रस्त्यातच उभी. तुझा लो बीम जेवढा पोचतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, वेग तेवढाच ठेव. भाजी दहा मिनिटं उशिरा पोचली तर मार्केट काही पळून जात नाही. झोप यायला लागली तर बाजूला घे, चहाने झोप जाते असं समजू नकोस.

आबांच्या खात्यावर थोडे पैसे घातलेत. टेम्पोला रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावून घे, मागे लाल, पुढे पांढऱ्या, आणि फोटो पाठव. घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावात पोचलास की नुसतं "उतरलो" एवढं टाक. इथे तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, मी जागीच असते.

तुझी,
अक्का