डिस्चार्ज कार्डावर नसलेल्या सूचना

महोदय,
हृदय अतिशय दुर्बल झालेल्या काही रुग्णांना डोब्युटामाइन हे हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारे औषध पंपाद्वारे शिरेतून सतत देण्याची व्यवस्था करून घरी पाठवतात. हे औषध थांबले की काही मिनिटांतच त्याचा अंमल ओसरतो. तरीही आमच्या नात्यातील रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर पंपाची बॅटरी संपल्यास काय करावे याचा उल्लेख नव्हता, होती ती फक्त पुढच्या तपासणीची तारीख.

घरच्या माणसाने सिरिंज बदलणे आणि दंडातील नळीभोवतीचा संसर्ग ओळखणे परिचारिकेसमोर स्वतः करून दाखवल्याखेरीज रुग्णाला सोडू नये. राखीव पंप आणि रात्रीही उचलला जाणारा फोन क्रमांक (स्वागतकक्षाचा नव्हे!) आधीच ठरलेला असावा. दोन-तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढल्यास (ही शरीरात पाणी साठत असल्याची खूण असू शकते) तातडीने कळवावे, ही सूचनाही कार्डावर मराठीत छापावी.

– एक वाचक, ठाणे