आशांनी घेतलेलं ट्रेनिंग कुठंतरी मोजलं जाऊ द्या, आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

नमस्कार साहेब.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य सेविकांच्या कामावर लक्ष ठेवते, माझ्याकडं वीसेक आशा आहेत. मानधनावर आमच्या संघटना बोलतातच, आणि संपानंतर २०२४ मधे राज्यानं आशांना ५,००० रुपयांची वाढ दिली त्याचे आभार मनापासून. पण आज मी पैशासाठी लिहित नाहीये, ट्रेनिंगसाठी लिहितेय. ट्रेनिंग म्हटलं की सगळ्यांना वाटतं एक हॉल, एक प्रोजेक्टर आणि जेवण, झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की आशाला ट्रेनिंग नीट द्या आणि ते दिल्यावर त्याच्या जोरावर तिला पुढं जाता येईल अशी सोय करा.

आशा नेमकं काय करते ते आधी सांगते कारण मुंबईत बसून ते फक्त फॉर्म भरण्यासारखं दिसतं. डिलिव्हरी दवाखान्यात झाली असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशी पण. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही कारण एवढ्याशा बाळाचा श्वास एकसारखा नसतो, साठ किंवा त्याच्यावर भरले तर परत मोजायचे, छाती आत ओढली जातेय का बघायचं, दूध ओढतंय का बघायचं, आणि मग ठरवायचं की घरीच ऊब देऊन चालेल की आत्ताच्या आत्ता गाडी बोलवायची. सासू म्हणते काही झालं नाही पोराला, नवरा म्हणतो उद्या बघू, आणि ही एकटी उभी असते. एवढं सगळं केल्यावर त्या बाळामागं २५० रुपये मिळतात.

हे हातानं करून करूनच येतं, पुस्तक वाचून नाही. म्हणूनच हे काम शिकवणाऱ्या मॉड्युल ६ आणि ७ चं, म्हणजे आशांच्या ठरलेल्या पुस्तकांचं ट्रेनिंग पाच पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत ठेवलंय, मधल्या काळात गावात जाऊन करायचं आणि जे अडलं ते पुढच्या फेरीला घेऊन यायचं. ज्यानं कुणी हे आखलं त्याला काम कळलेलं होतं. प्रत्यक्षात काय होतं तर नवीन आशा आज लागते, उद्यापासून सर्वे करते, आणि तिची पहिली फेरी कित्येक महिन्यांनी लागते कारण बॅच भरलेली नसते, मग पुढच्या फेऱ्या रेंगाळतात. मधेच नवीन ॲप येतं, त्याचं ट्रेनिंग म्हणजे ग्रुपवर एक पीडीएफ आणि खाली मेसेज की सर्वांनी आजच माहिती भरावी. अशा वेळी मी तरी त्यांना काय शिकवणार, मला पण तीच पीडीएफ आलेली असते.

आणि कामं वाढत चाललीत. तीस वर्षांवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी, शुगर, कॅन्सरसारख्या आजारांचा धोका तपासायचा फॉर्म भरायचा असतो, त्यात आता मनाबद्दल पण दोन प्रश्न आहेत, की गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही का, उदास निराश वाटतं का. प्रश्न चांगले आहेत, आमच्या भागात तर फारच गरजेचे आहेत. पण नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या बाईला ओट्यावर चार जणी बसलेल्या असताना हे कसं विचारायचं? तिनं हो म्हटलं आणि रडायला लागली तर पुढची दहा मिनिटं काय बोलायचं, काय बोलायचं नाही, आणि गावात ते कुठंच फुटू नये म्हणून काय करायचं? मला विचाराल तर आज सगळ्यात जास्त ट्रेनिंग इथं लागतंय, आणि इथंच सगळ्यात कमी मिळतंय.

साहेब, चांगलं ट्रेनिंग कसं असतं हे महाराष्ट्राला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायका तयार केल्या, कित्येकींना अक्षरओळख पण नव्हती, पण एकदा शिकवून सोडून दिलं नाही, पुन्हा पुन्हा बोलावून शिकवत राहिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं आरोग्यदूत तयार केले, ३९ गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते, १९९९ मधे ते लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. पुढं तीच पद्धत देशभरच्या आशांकडं आली. पण पद्धत येताना त्यातलं सतत शिकवणं आणि सोबत जाऊन बघणं वाटेत गळून गेलं.

दुसरी गोष्ट पुढं जाण्याची. आशाला एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेतून सर्टिफिकेट देण्याची योजना आहे, चांगली आहे, पण ते सर्टिफिकेट घेऊन ती जाणार कुठं? एएनएमला, म्हणजे नर्सच्या कोर्सला, बारावी लागते आणि वयाची अट आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणी दहावी झालेल्या, लवकर लग्न झालेल्या. पंधरा वर्षं बाळंतिणी आणि टीबीचे पेशंट सांभाळलेली बाई आणि नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली मुलगी, दोघींना ॲडमिशनच्या रांगेत एकच नियम.

तेव्हा एवढं करा. इंडक्शन, म्हणजे सुरुवातीचं ट्रेनिंग, झाल्याशिवाय नवीन आशाला गावात पाठवू नका. ट्रेनिंगच्या दिवसाचे पैसे तिच्या बुडालेल्या रोजगाराएवढे तरी द्या, एसटीचं भाडं त्याच दिवशी हातात द्या, आणि जिचं लेकरू अंगावर पितंय तिच्यासाठी तिथं एक खोली आणि सांभाळायला एक बाई ठेवा, नाहीतर ती मागच्या रांगेत लेकराला गप्प करत बसते आणि अर्धं ऐकतच नाही. मनाच्या आजाराबद्दल वेगळं ट्रेनिंग घ्या, बोलून करून दाखवणारं. सरकारी एएनएम शाळांमधे अनुभवी आशांसाठी काही जागा राखीव ठेवा, वयाची अट त्यांच्यासाठी सैल करा, ती दिल्लीच्या हातात असेल तर तिकडं राज्याकडून लेखी मागणी जाऊ द्या. आणि बारावी राहिलेल्यांची मुक्त विद्यालयाची फी आरोग्य विभागानं भरावी.

हा निर्णय ॲडमिशन सुरू व्हायच्या आधी झाला तर बरं होईल. माझ्याकडच्या दोघी बारावी पास आहेत, कागदपत्रं काढून तयार बसल्यात, त्यातली एक पुढच्या वर्षी वयाच्या अटीबाहेर जातेय.

आपली,
एक गटप्रवर्तक