अर्धा कप चहा

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

परवा फोनवर मनसोक्त शिव्या घातल्यास, ‘ॲडमिट झालास आणि मला कळवलं नाहीस’ म्हणून. मान्य. आता नीट लिहितो. फोनवर सांगायला लागलो की शुभा मधेमधे दुरुस्त्या करते.

धाकट्याने यकृताचा तुकडा दिला त्याला दीड वर्ष झालं. त्याची पित्तनलिका माझ्या नलिकेला जिथे जोडली, ती जागा आवळली. जिवंत दात्याचं यकृत असलं की हे बऱ्याच जणांना होतं. मग ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, तिथे प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवतात आणि दर तीनेक महिन्यांनी बदलतात. जुना एक मी हातात घेऊन पाहिलाय. जाडी जेमतेम ३ मिलिमीटर, पेनाच्या रिफिलसारखा, सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना बारीक पंख. तरी माझा सरकला आणि खालचं टोक लहान आतड्याच्या समोरच्या भिंतीत घुसलं.

आणि गंमत (कसली डोंबलाची गंमत!) म्हणजे दुखलंच नाही. ताप नाही, पोट मऊ. नुसतं कसंनुसं. शुभाने पाहिलं, अर्धा चहा कपात तसाच. फोनवर कुणीतरी ‘ॲसिडिटी असेल’ म्हणालं. ही ऐकते कुठली! मला रिक्षात घातलंच.

सीटीत आतड्यामागे हवेचे काळे ठिपके, म्हणजे आतड्याला भोक पडलेलं. डॉक्टर म्हणाले, स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असलं की पोट बोंब मारतच नाही, म्हणून आम्ही पोटावर हात ठेवून निर्धास्त होत नाही.

भोक लहान होतं, लवकर सापडलं. सर्जन तयार ठेवले, पण काम दुर्बिणीनेच भागलं. पोटात हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडला, कारण तो लवकर शोषला जातो. स्टेंट ओढून काढला, भोकाला क्लिप मारली, नवा स्टेंट बसवला. पाच दिवस नाकात नळी, तोंडाने पाणीसुद्धा नाही. टॅक्रोलिमसची कॅप्सूल फोडून भुकटी जिभेखाली. अँटिबायोटिक होतंच, वर बुरशीचं औषध, आणि त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, म्हणून डोस कमी करून पातळी तपासायला रोज सकाळी रक्त काढायची सुई. सगळ्यात वैताग त्याचाच.

आता घरी आहे, वरण-भात पचतोय. पुढच्या महिन्यात ये. शुभा अजून माझा कप उचलून आत डोकावते.

तुझा,
बाळ्या