तो जेसीबी नाही, डी-७ डोझर आहे

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पान तीनवर 'गंजलेला जेसीबी अखेर भंगारात' ही बातमी फोटोसकट वाचली. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलो.

फोटोतलं यंत्र जेसीबी नाही. जेसीबी हे इंग्लंडमधल्या कंपनीचं नाव आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी ती १९४५ साली काढली, त्यांचीच ही आद्याक्षरं. आपल्याकडे ज्याला सगळे जेसीबी म्हणतात त्याला टायर असतात, पुढे बकेट आणि मागे खणायचा हात असतो. तुमच्या फोटोतल्या यंत्राला टायर कुठे आहेत? चेन आहे. पुढे सरळ ब्लेड आहे, डोक्यावर पुल्या आहेत आणि त्यांवरून मागच्या विंचपर्यंत, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या रहाटापर्यंत, गेलेला वायररोप तुमच्या छपाईतही स्पष्ट दिसतो. तो कॅटरपिलर कंपनीचा डी-७ बुलडोझर आहे, हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्लेड हलवायच्या, आधीच्या जमान्यातला. त्यात विंच ब्लेडला फक्त वर ओढते, खाली ते आपल्या वजनाने येतं. गावातला माणूस जेसीबी म्हणतो तर म्हणू दे. वर्तमानपत्राने विचारून लिहावं.

आणि ही पहिली वेळ नाही. दोन वर्षांपूर्वी कालव्याच्या कामांवर मी याच सदरात पत्र पाठवलं होतं. छापून आलं तेव्हा 'डोझर'च्या जागी सगळीकडे 'जेसीबी' झालेलं. खाली नाव माझं. माझ्याबरोबर काम केलेल्या लोकांचे फोन आले, "अहो, तुम्ही असं कसं लिहिलंत?" त्यांना काय सांगायचं? पत्र कापा, जागा नसेल तर छापू नका, पण माणसाच्या तोंडात दुसरा शब्द घालू नका.

नावाचंही एक वेळ सोडून देतो. पण 'गेल्या तीस वर्षांत या यंत्राकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही' हे वाक्य फार लागलं. आम्ही पाहिलं. हे यंत्र उभं आहे त्या यार्डात आम्ही तिघं जुने मेकॅनिक दोनदा गेलो. खर्च आमचा, मेहनत आमची, यंत्र चालू करून देतो आणि ते तुमच्याच आवारात राहू दे, असा यार्डवाल्यांना लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आजतागायत नाही. तिघांतला एक मागच्या वर्षी गेला.

आम्ही हवेत बोलत नव्हतो. २०११ साली असाच एक डी-७ आम्ही भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतला आणि कराडजवळच्या शेडमध्ये आणला. इंजिन जाम. चार सिलिंडर, पावणेसहा इंचांचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), आठ इंचांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन चांगला वीतभर खाली-वर होतो. उघडून बघितलं तर तीन सिलिंडर कोरडे होते आणि एकातच गंज. कारण सरळ आहे. यंत्र बंद पडलं तेव्हा त्या एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, आणि उभ्या धुराड्यातून पावसाचं पाणी नेमकं तिथे उतरत राहिलं. आम्ही कामाला होतो तेव्हा पाळी संपली की हेल्परचं पहिलं काम म्हणजे धुराड्यावर डालड्याचा रिकामा डबा उपडा घालणं. १९७४ साली मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मिस्त्रींनी पान्याला हात लावू देण्याआधी डबा घालायला शिकवलं होतं. दोन रुपयांच्या डब्यावाचून ते इंजिन गेलं होतं.

डिझेल फवारणारे नोझल काढून सिलिंडरमध्ये ऑईल आणि रॉकेल ओतलं. रोज संध्याकाळी फ्लायव्हीलच्या दात्यात पहार घालून जोर लावायचा, एकदा पुढे, एकदा मागे. घणाने ठोकायचा मोह होतो, पण ठोकलं तर पिस्टनच फुटतो. एकोणिसाव्या दिवशी फ्लायव्हील एक दाता सरकलं. एकच दाता. पण आम्ही तिघंही तिथेच खाली मातीत बसलो.

तांब्याच्या रिंगा लाल तापवून पाण्यात बुडवल्या की परत मऊ होतात, त्या तशाच वापरल्या. पॅकिंगं जाड कागदाची, हातोडीने कडा ठोकून कापली. चेनच्या पिना आणि बुश एका अंगाने झिजले होते ते फिरवून घेतले, त्यातच दोन महिने गेले. रंग खरवडताना पिवळ्याखाली करडा लागला आणि करड्याखाली लष्कराचा हिरवा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजेची असली यंत्रं इथेच राहिली, सरकारने ती घेतली आणि मध्य भारतातल्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडायला लावली. कांसाची मुळं बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत. या कामासाठी आणखी ट्रॅक्टर घ्यायला १९४९ साली जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. तुमच्या बातमीत ज्याला 'लोखंडाचा सांगाडा' म्हटलंय त्याची ही जात आहे.

चालू करायची रीतही लिहितो, कारण ती माहीत असलेले आता फार थोडे आहेत. याला बॅटरी-सेल्फ नाही. मोठ्या डिझेल इंजिनाच्या अंगाला एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं, पोनी. आधी ते चालू करायचं. दोघांचं पाणी एकच, आणि पोनीचा गरम धूर मोठ्याचा हवेचा रस्ता तापवतो. मग कॉम्प्रेशनचा लिव्हर सोडून, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोकळा ठेवून, पोनीने मोठं इंजिन नुसतं फिरवत ठेवायचं, ऑईलच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत घाई करायची नाही. मग लिव्हर टाकायचा, डिझेल द्यायचं. पोनी बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा पडू द्यायचा, नाहीतर पेट्रोल झिरपून ऑईलमध्ये उतरतं. फुल स्पीडला मिनिटाला हजारच फेरे असल्यामुळे आयडलला प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. त्या शेडमध्ये तो पहिला ठोका आला तेव्हा आमचा मित्र लहान मुलासारखा रडला.

याला स्टीअरिंग नसतं, दोन लिव्हर असतात. सपाटीवर डावा ओढला की डोझर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर यंत्र स्वतःच्या वजनाने ढकललं जात असेल आणि ब्रेक न दाबता नुसता लिव्हर ओढला तर तो उलटा वळतो. मी नवशिका असताना कालव्याच्या भरावावरून उतरताना हे विसरलो आणि डोझर थेट कडेला गेला. मिस्त्रींनी बाजूने चढून ब्रेकवर पाय दिला म्हणून आज हे पत्र लिहितोय. त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. तोच उतार परत मला उतरायला लावला.

रेल्वे स्टेशनाबाहेर वाफेचं इंजिन रंगवून ठेवतात. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, ते मी दोनदा पाहिलं. रणगाड्याची चेन मुळात याच घराण्यातली. १९०४ साली कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्टने भुसभुशीत जमिनीत रुतू नये म्हणून ट्रॅक्टरला चाकांऐवजी पट्टे लावले, आणि होल्टचे ट्रॅक्टर पाहूनच इंग्रजांना रणगाडा सुचला. लढाईचं यंत्र आपण जपतो. मग ज्या यंत्रांनी धरणांचे भराव घातले, कालव्यांचे काठ बांधले, त्यातलं एकसुद्धा एखाद्या धरणाच्या बागेत उभं का नसावं? हल्ली पेपरात बुलडोझर शब्द पाडापाडीच्या बातमीतच येतो. आम्ही उभी हयात त्यावर काढली, आणि आम्ही बांधत होतो.

आमचा डी-७ अजून शेडमध्ये आहे. दर खंडेनवमीला पूजा करून चालू करतो, गावातली पोरं बघायला येतात. तुमच्या वार्ताहरानेही यावं, मी सगळं दाखवीन.

लिलावाची तारीख तुमच्या बातमीत नाही, ती कृपा करून छापा. आम्ही दोघं उरलोय, पैसे जमवतोय. आणि एक विनंती आजच्या आज. फोटोत त्या यंत्राचं धुराडं उघडं आहे. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय. यार्डातल्या कुणीतरी त्यावर एक डबा उपडा घालावा.

आपला,
एक निवृत्त डोझर मेकॅनिक, कराड